चौदा मिनिटं ऊन

दोन बाटल्या. एकीत हिरवट भुकटी विरघळलेली,
दुसरीत केशरी खडे.
वेगळ्या असतात तोवर दोघी सोवळ्या;
एका वाडग्यात आल्या की उजेडाला चटावतात.
म्हणून रात्री, खिडकीला घोंगडी लावून,
मी लेप देते –
चार डबल चादरी, शिवून एक केलेल्या,
रंगाऱ्याच्या रुंद ब्रशनं आडवं, मग उभं.
थेंब सांडला तर तो उद्या बोलतो.

आधी लाकडावर करून पाहिलं होतं.
मोडलेल्या होडीची फळी, आलेर्सेची, हातभर रुंद.
लेप उजेडाआधीच काळवंडला,
गंजक्या खिळ्याभोवती पडतो तसा डाग, फळीभर.
बाबा (बेलार्मिनो रेमोल्कोय,
एकोणचाळीस होड्या आणि आठ बोटं)
रंधा खाली न ठेवता म्हणाले,
"लाकूड म्हणजे कोरा कागद नाही, ओतिलिया.
त्याच्या पोटात आधीच काहीतरी असतं.
तू लोखंड पाजलंस, त्यानं ओकलं."
मग त्यांनीच फळी तासून जिलेटिनचे दोन हात दिले,
मधे सुकू दिलं.
त्यावर शेवाळाचं एक पान उमटलं.
रेषेवर रेषा: कुठली झाडाची, कुठली समुद्राची,
अजून वाद चालू आहे.

चिलोएत ऊन टेकतं न टेकतं तोच उठतं.
काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चादर
सहा दिवस पलंगाखाली.
सातव्या दिवशी, जानेवारीत, साडेअकराला
मी अंगणातून ओरडले
आणि मिंगा जमली.
इथे अख्खं घर ओढून टेकडीपलीकडे न्यायचं असलं
तरी शेजारी येतात, चादरीचं काय.
बार्रियांचे जुळे आले, पिठाच्या हातांनी एर्सिरा आली,
चर्चची किल्ली सांभाळणारा एलेउतेरिओ आला.
चार कोपरे, मधलं पोट,
शेडसमोरच्या फळ्यांवर अलगद.

बाबा बूट काढून आडवे झाले.
उजवीकडे करवत, डावीकडे तासणी.
"मेल्यासारखं नको," म्हणाले,
आणि एक गुडघा वाकवला.

पिवळं कापड हिरवं झालं, मग करडं,
मग जुन्या घंटेसारखं.
कुणी बोलेना.
एलेउतेरिओनं टोपी काढली,
चूक लक्षात आली तशी परत घातली.

नवव्या मिनिटाला गोमाशी आली,
काळी, केशरी लोकरीची,
थेट डाव्या मनगटावर.
गोमाशीपुढे कोणाचं चाललंय?
हात एवढासा हलला.
परत ठेवला,
पण होता तिथे नाही.
चौदाव्या मिनिटाला ढग.

ओढ्यात धुतली. भिजून वासराएवढी जड.
आधी पिवळं पाणी गेलं, मग फिकं, मग नुसतं पाणी,
आणि निळा वर आला,
कुणी बोलावलं नसताना दारात उभं राहावं तसा.
होड्या खेचायच्या दोरावर वाळत घातली.

निळ्यात पांढरे बाबा. गुडघा वाकलेला.
करवतीचे दात मोजून घ्यावेत इतके.
डावा हात मात्र –
अंगठा, दोन बोटं,
आणि जिथे चाळीस वर्षं काही नाही
तिथे आणखी दोन,
फिकट, धुरकट,
हललेल्या हातानं जाता जाता सोडलेली.

मी म्हटलं, बिघडलं. पुन्हा करू,
आणखी चादरी आहेत.
ते ऐकत नव्हते.
कापडाजवळ गेले, उरलेल्या बोटांनी
ती दोन चाचपली. ओली होती अजून.
"करंगळी," ते म्हणाले,
"याहून जरा वाकडी होती."

आत एर्सिरानं बटाटे उकडले होते,
आमच्याकडचे, आतून निळे.
मिंगाचं देणं. सगळे जेवायला बसले.
बाबा जरा उशिरा आले.